अडत पेढीत सामाईक फोल्डर जोडण्याआधी: विंडोज, मॅक आणि उबुंटूची तयारी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात सुरू झाले की पेढीत सगळ्यांना एकाच वेळी तीच हिशोबपट्टी हवी असते. दिवाणजी विंडोजवर, मालकांचा मुलगा मॅकबुकवर आणि लेखापरीक्षणाला येणारा उमेदवार उबुंटूवर. म्हणून ही जुळणी हंगामाआधी, यार्ड बंद असेल त्या दिवशी करायची.

सुरुवात कागदावर करा. फोल्डर ज्या संगणकावर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेला फाइली साठवायचा डबा) आहे त्याचा आयपी पत्ता, शेअरचं म्हणजे सामाईक केलेल्या फोल्डरचं नाव आणि कोणाला काय उघडता येणार, एवढं लिहून काढा. पासवर्ड मात्र त्या कागदावर नकोत. राउटरमध्ये त्या यंत्राचा पत्ता राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर राउटर दुसराच पत्ता देऊ शकतो आणि सगळ्यांची जोडणी एकदम तुटते. शेअरचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि जागा न सोडता ठेवा. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा तारका नको. मॅक आणि उबुंटू ती चालवून घेतात, विंडोज घेत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खात्यांना द्या. जोडणी होत नाही म्हटलं की लोक मॅकला किंवा उबुंटूला दोष देतात, पण अडचण बहुतेक वेळा फोल्डर देणाऱ्या विंडोजच्या खात्यात असते. तिथे रोज टाकायचा पिन नेटवर्कवरून चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. बिनपासवर्डाचं खातं तर विंडोज नेटवर्कवरून आतच घेत नाही. म्हणून त्या यंत्रावर प्रत्येकासाठी वेगळं लोकल खातं आणि पासवर्ड तयार करा. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आणि फाइल शेअरिंग चालू आहे ना, तेही पाहा. परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरवर आणि फोल्डरच्या सिक्युरिटीत. दोन्हींतली कडक असेल तीच लागू होते. ‘एव्हरीवन’ला सगळं उघडं ठेवायचा मोह टाळा, शेतकऱ्यांचे बँक तपशील आहेत त्यात.

जुना नॅस असेल तर तो एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीची, कोणती आवृत्ती बोलतो ते तपासा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या दोषातून. त्याच वर्षीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ही आवृत्ती आपोआप येत नाही. जुन्या डब्यासाठी ती पुन्हा चालू करू नका, डब्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. ते मिळत नसेल तर डबाच बदला.

मग जोडणी, जी खरं तर सोपी आहे. विंडोजवर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ उघडून दोन बॅकस्लॅश, पत्ता, एक बॅकस्लॅश आणि शेअरचं नाव टाका. साइन इन करताना पुन्हा जोडण्याच्या पर्यायावर खूण करा. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून एसएमबी, कोलन, दोन स्लॅश, मग पत्ता, एक स्लॅश आणि नाव. इथे सगळे स्लॅश सरळ बाजूचे. उबुंटूच्या ‘फाइल्स’मध्येही मॅकसारखाच पत्ता चालतो. तिथे कायमची जोडणी हवी असेल तर सीआयएफएस-युटिल्स (cifs-utils) हे पॅकेज बसवून एफस्टॅबमध्ये (/etc/fstab, सुरू होताना काय जोडायचं त्याची यादी असलेली फाइल) ओळ लिहावी लागते. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, तिची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, आणि ओळीत ‘नोफेल’ (nofail) घाला, म्हणजे नॅस बंद असला तरी लॅपटॉप सुरू होताना अडून बसणार नाही.

पाहुण्यांसाठीच्या वायफायवरून फोल्डर सहसा दिसत नाही, कर्मचाऱ्यांना मुख्य वायफायवरच ठेवा. घरून काम करायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून पेढीच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट, घ्या. राउटरवर ४४५ क्रमांकाचा पोर्ट बाहेरच्यांसाठी कधीही उघडू नका.

डबा वरच्या मजल्यावर ठेवा, यूपीएससकट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. वर ठेवला तरी हिशोबांची एक प्रत शहराबाहेर हवीच.

शेवटी राउटरसकट सगळं बंद करून पुन्हा चालू करा. मॅकवरून ठेवलेली फाइल दिवाणजींच्या टेबलावर उघडली, दुरुस्त होऊन सेव्ह झाली आणि ती दुरुस्ती उबुंटूवर दिसली, की सौद्यांना सुरुवात व्हायला हरकत नाही.