वारा पाठीशी असताना थ्रॉटल सोडू नका

रिमोटवरचं मॉडेल विमान उडवायला शिकताय, म्हणजे सिम्युलेटरवर सराव, वरच्या पंखाचं ट्रेनर (शिकाऊ विमान), सकाळची पडलेली हवा हे सगळं तुम्ही ऐकलेलं असणार. पहिलं विमान म्हणून स्पिटफायर, म्हणजे त्या जुन्या लढाऊ विमानाचं मॉडेल, घेऊ नका, एवढंच वर सांगतो. दिसतं देखणं, पण नवशिक्याला सांभाळून घेत नाही. आणि ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणाऱ्या डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आपलं मैदान कुठल्या रंगात येतं ते आधी बघा. पुण्यात लोहगाव विमानतळाच्या बाजूला राहत असाल तर नक्कीच.

आता मुद्द्याचं. माझं विमान नेहमी एकाच ठिकाणी पडायचं: वाऱ्यासोबत लांब गेल्यावर, वळताना. मैदानावरचे जाणते म्हणायचे, "सिग्नल गेला." सिग्नल कुठे जात नव्हता.

धरा, विमानाचा हवेतला वेग ताशी 40 किलोमीटर आहे आणि वारा 15 चा. वाऱ्याविरुद्ध येताना ते 25 ने रांगताना दिसतं, वाऱ्यासोबत 55 ने सुसाट. आपण उभे जमिनीवर, त्यामुळे डोळ्याला जमिनीवरचाच वेग कळतो. 55 बघून घाबरतो आणि थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी करत करत विमान 40 वर आणतो. पण पंखांवरून जाणारी हवा आता 25 चीच उरली! ट्रेनर 28 ला स्टॉल होत असेल, म्हणजे त्याखाली पंख विमान उचलून धरत नसतील, तर तिथवर पोचायच्या आधीच नाक खाली जायला लागतं. ते सावरायला आपण एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढतो, त्यात वळणही घेतो. 45 अंश कलून उंची राखत वळलात तर तोच स्टॉलचा वेग 33 च्या पुढे जातो. आतला पंख गपकन पडतो, आपण उलटा एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखावरची पट्टी) देतो, आणि ते आणखीच गरगरतं.

अशा वेळी आधी एलिव्हेटर सोडा, थ्रॉटल द्या, वेग आला की मगच पंख सरळ करा. उंची नसेल तर यातलं काहीच कामाला येत नाही. म्हणून सुरुवातीला खाली घिरट्या घालू नका, कोणी कितीही चढवलं तरी.

जायरो (विमान आपोआप सावरणारं यंत्र) लावून शिकणाऱ्यांबद्दल माझं मत बरं नाही. साधा जायरो विमानाचं डुलणं दाबतो, पण हवेतला वेग त्याला कळत नाही. स्टॉल होत असताना तोही एलेरॉनच देत बसतो. त्यापेक्षा बडी बॉक्सवर, म्हणजे आपल्या रिमोटला त्याचा रिमोट जोडून, शिकवणारा माणूस शोधा. मात्र विमान जरा डुललं की कंट्रोल स्वतःकडे घेणारा नको, त्यातून तुमचा हात तयार होत नाही.

पडेल, हे धरूनच चला. विमानाचा ईपीपी फोम तुटला तर चिकटवता येतो, प्रॉपेलर स्वस्त असतो. आपटलेली लायपो बॅटरी मात्र लगेच चार्जिंगला लावू नका. फुगली असेल तर ती गेलीच.

हलका वारा असेल त्या दिवशी भरपूर उंचीवर जा. थ्रॉटल निम्म्यावर ठेवा आणि त्याला हात न लावता वाऱ्यासोबत आणि वाऱ्याविरुद्ध फेऱ्या मारा. विमान कधी पळतंय, कधी रांगतंय असं दिसेल. दिसू दे. नाक सरळ आहे ना, एवढंच बघा.