रुंद पाऊडर स्की घेऊन टेरेन पार्कात

सकाळभर ताज्या बर्फात फिरून झालं, दुपारी टेरेन पार्क (उड्या आणि घसरायच्या रेलसाठी बांधलेला भाग) उघडलं, की पायातल्या त्याच स्की घेऊन आत शिरायचा मोह होतो. शिरा, पण आधी फरक समजून घ्या. पार्कच्या स्की बुटाखाली साधारण 85 ते 95 मिमी रुंद असतात, पाऊडरच्या, म्हणजे खोल ताज्या बर्फासाठीच्या, 110 ते 120. शेपूट, म्हणजे स्कीचं मागचं टोक, वर वळलेलं नसेल तर उलटं उतरणं विसरा.

रुंदीपेक्षा जास्त छळते ती बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची, जागा. पार्कच्या स्कीवर बाइंडिंग जवळपास मध्यावर असतं, पाऊडरच्या स्कीवर बहुधा 6 ते 10 सेंमी मागे. पुढचा भाग लांब, जड. म्हणून गिरकी उशिरा सुरू होते आणि थांबतेही उशिरा. आधी 180 (हवेत अर्धी गिरकी) पक्की करा. 360 ला (पूर्ण गिरकी) खांदे नेहमीपेक्षा लवकर उघडा. रुळावर सरकणारं बाइंडिंग असेल तर चवडा आणि टाच दोन्ही 2 सेंमी पुढे घ्या आणि टाचेचा भाग बुटाला नीट दाबतोय का हे दाखवणारी दाबाची खूण तपासा. खोल बर्फात जाण्याआधी ते परत मागे न्या, नाहीतर टोकं बुडतील.

उडीकडे येताना टोकं फडफडतात. वर वळलेल्या टोकांची ती सवयच, घाबरू नका. शेवटचे काही मीटर स्की सपाट ठेवा. रुंद स्की कडेवर यायला वेळ घेते. ओठावर, म्हणजे उडीच्या वरच्या काठावर, वळायला गेलात तर एक पाय मागे राहतो आणि हवेत अंग तिरकं होतं. उतरताना नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. वजन मागे गेलं तर वळलेलं शेपूट आधार देत नाही आणि स्की पुढे निसटतात.

मऊ बर्फात हे सगळं मजेचं. पण कॅनडातल्या ब्लॅककोमसारख्या समुद्राजवळच्या डोंगरावर दुपारचा ओला बर्फ रात्री गोठतो. अशा कडक सकाळी रुंद स्कीचा पीळ थेट गुडघ्यात जातो. तेव्हा पार्क टाळाच.

रेलआधी (घसरायची अरुंद दांडी) रुंद बॉक्स (तसाच, पण रुंद सपाट ठोकळा) करा. पाय खांद्याएवढे फाकवा, नाहीतर एक स्की दुसरीवर चढते. बाइंडिंगच्या ब्रेकचे दांडे कडेबाहेर 1 सेंमीहून जास्त आलेले नसावेत, ते अडकतात. रेल नेहमी करणार असाल तरच बुटाखालची धातूची कड कानशीच्या दोन-तीन हातांनी गोल करा. बर्फावरची पकड तेवढी जाते. पाऊडर स्कीच्या कडा बऱ्याचदा बारीक असतात. प्रत्येक फेरीनंतर त्यावर हातमोजा घालून बोट फिरवा. चीर लागली किंवा कड तळापासून सुटलेली दिसली, तर त्या स्कीवर रेल बंद.