माळ्यावरची नाताळची खेळणी पुन्हा चालती करताना

माळ्यावरून जुनं खेळणं खाली आलं की घरातले दोघे हमखास घाई करतात. एक ओलं फडकं घेऊन पुसायला धावतो, दुसरा चाबी पिळून बघतो. दोघांनाही थांबवा. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या नाताळात मिळालेली पत्र्याची मोटार किंवा सेलवर चालणारं इंजिन बहुतेक वेळा दुरुस्त होतं; पण पहिल्या दहा मिनिटांत जे नुकसान होतं, ते मात्र भरून येत नाही.

आमचा नियम सरळ आहे: जे हलायचं ते हलतं करा, रंगाला हात लावू नका. पुन्हा रंगवलेली मोटार कितीही चकचकीत दिसली तरी ज्याने लहानपणी ती खेळवली, त्याला ती आपली वाटत नाही.

हत्यारं घरातलीच पुरतात. घड्याळजीकडे असतो तसा बारीक पेचकसांचा संच, टोकदार पक्कड, जुना टूथब्रश, कानातल्या कापसाच्या काड्या, इंजेक्शनची सुई आणि शिलाई मशीनचं तेल. नातवंडाला २५ तारखेला द्यायचं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बसा. काम थोडंच असतं, वेळ जातो तो वाळवण्यात आणि एखादा नट शोधण्यात. उघडण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक भाग सुटला की पुन्हा एक काढा.

चाबीची खेळणी

"चाबी जास्त दिली म्हणून बिघडलं" हे प्रत्येक घरात ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खोटं असतं. स्प्रिंग पूर्ण आवळायलाच केलेली असते. होतं असं की आतलं तेल घट्ट होऊन चक्रं चिकटतात, आवळलेली स्प्रिंग सुटत नाही आणि सगळा दोष चाबी देणाऱ्या मुलाच्या माथी येतो.

तेव्हा आधी निदान करा. चाबी जागची हलत नसेल तर स्प्रिंग भरलेली आहे आणि चक्रं अडकली आहेत. चाबी कितीही फिरली तरी जोर लागत नसेल, तर स्प्रिंगचं आतलं टोक तुटलंय किंवा आकड्यातून निसटलंय. कटकट आवाज येतो, पण हात सोडताच चाबी गर्रकन उलटी फिरते, तेव्हा तिला धरून ठेवणारा खटका झिजलेला असतो. पहिला दोष घरी निघतो. बाकीच्या दोन्हींसाठी जुना घड्याळजी गाठा.

भरलेली स्प्रिंग तशीच ठेवून खेळणं कधीही उघडू नका. पातळ पोलादी पट्टी झटक्यात सुटते आणि बोट कापते. आधी ती उतरवायची. मोटार ट्रेवर उलटी धरा आणि चाकांजवळच्या फटीतून सुईने चार-पाच मिलिलिटर पेट्रोल थेट आसांच्या टोकांवर सोडा. घड्याळजीही धुण्यासाठी हेच वापरतात. चाकं बोटाने मागेपुढे करत राहा. काळं पाणी निघेल. ते ओतून द्या आणि पुन्हा सोडा. दोन-तीन खेपांत चक्रं सुटतात आणि स्प्रिंग आपोआप उतरते. हे गच्चीत किंवा अंगणात करा, गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब. बाहेरच्या छापील रंगावर पेट्रोल जाऊ देऊ नका. थेंब पडलाच तर लगेच टिपून घ्या. थिनर तर घरातच आणू नका, तो रंग सोलून काढतो.

एवढ्याने सुटलं तर उघडायची गरजच नाही. पत्र्याच्या खेळण्यांना स्क्रू नसतात, खाचांतून घालून वाकवलेल्या जिभल्या असतात. प्रत्येक वाकवणीला तो पत्रा कडक होत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी मोडतो. कारखान्यात एकदा वाकवून झालेलंच असतं. उघडायचंच असेल तर एकाच बाजूच्या जिभल्या सरळ करा, दुसरी बाजू बिजागरीसारखी राहू द्या.

सुकल्यावर तेल. टाचणीच्या टोकावर येईल एवढा एक थेंब प्रत्येक आसाच्या टोकाला, स्प्रिंगला दोन, आणि चक्रांच्या दातांना अजिबात नाही. दातांवर तेल पडलं की धूळ बसते, धुळीचा खरखरीत थर होतो आणि पितळ झिजतं. स्वयंपाकघरातलं तेल घालायचा मोह आवरा. आपल्याकडे घरोघरी सोयाबीन तेल असतं. ते हवेत हळूहळू चिकट होऊन वार्निशासारखा थर धरतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि इंदुरातल्या डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बाराच्या घरात असतो. म्हणजे उन्हाळ्यात धावणारी मोटार नेमकी नाताळच्या सकाळी अडून बसते. गंज सोडवायचे स्प्रे अडकलेला स्क्रू काढायला ठीक, वंगण म्हणून टिकत नाहीत.

गंज आतल्या कोऱ्या पत्र्यावर असेल तर चार शून्य नंबरच्या स्टीलवूलला मशीनचं तेल लावून हलकेच घासा. छपाईवर असेल तर घासू नका. कोरड्या ब्रशने सुटेल तेवढा झाडा आणि कारला लावायच्या मेणाचा पातळ हात द्या. डाग राहील. राहू द्या.

सेलवरची खेळणी

इथे मोटर क्वचितच गेलेली असते. सेल आत विसरलेले असतात आणि त्यांनी पट्ट्या खाल्लेल्या असतात. अल्कलाइन सेल फुटला तर पांढरी भुकटी जमते. तिच्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावलेली कापसाची काडी टेकवा, बारीक फेस येईल. फेस थांबेपर्यंत लावत राहा. जुने साधे सेल मात्र आम्लधर्मी रस सोडतात. त्यांच्यासाठी खायच्या सोड्याची ओली पेस्ट. नंतर दोन्हीकडे ओल्या काडीने पुसा, पूर्ण वाळवा आणि चारशे-सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने पट्टी चमकेपर्यंत घासा. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका.

एवढं करून चालत नसेल तर मोटरच्या दोन तारांना थेट एक दीड व्होल्टचा सेल जोडून बघा. फिरली तर दोष पट्टीत, स्विचमध्ये किंवा तुटलेल्या तारेत आहे. नाही फिरली तर तारा लावलेल्या ठेवून दांडा बोटाने दोन-चार वेळा फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटते. तुटलेली तार इंदूरच्या जेल रोडवरचा कुठलाही मोबाइल दुरुस्त करणारा झाळून देईल. "जोर येत नाही" म्हणून दोन सेलांच्या खेळण्याला नऊ व्होल्टची बॅटरी मात्र लावू नका.

नटबोल्टचे संच

मेकॅनो म्हणजे भोकांच्या धातूच्या पट्ट्या नटबोल्टने जोडायचा खेळ. त्याची कल्पना लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांची, पेटंट १९०१ चं. भोकांमधलं अंतर अर्धा इंच, बोल्ट ५/३२ इंच, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचा. हरवलेल्या बोल्टऐवजी इंदूरच्या सियागंज बाजारातून चार मिलिमीटरचा आणला तर तो भोकातून बरोबर जातो, पण जुन्या नटात दोन आटे जाऊन अडतो, कारण आट्यांमधलं अंतर वेगळं असतं. पान्याने जोर केलात तर दोन्ही वाया. नवा बोल्ट नव्याच नटाबरोबर वापरा आणि जुन्यांत मिसळू देऊ नका. वाकलेल्या पट्ट्या हातोडीने ठोकू नका. दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून शिकंज्यात आवळा.

बाहुल्या आणि बाकीचं

डोळे मिटणारी बाहुली पाण्यात बुडवू नका. डोळ्यामागचा तोल लोखंडी असतो, गंजला की डोळे अर्धवट अडकतात. केस शाम्पूने धुवा, डोकं उलटं धरून, कोमट पाण्याने. उकळतं पाणी लागलं तर नायलॉनची तार चुरमडते. गालावरच्या पेनच्या रेघांवर केमिस्टकडे मिळणारं मुरुमांचं बेंझॉइल पेरॉक्साइड मलम चालतं. पातळ लावा, वर प्लास्टिकची पातळ फिल्म, दोन-तीन तास ऊन, मग धुवा. रेघ पुसट होईपर्यंत पुन्हा. ओठांच्या आणि भुवयांच्या रंगाला मलम लागू देऊ नका, तेही फिकट होतात. अंग चिकट लागत असेल तर प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येतंय. सौम्य साबणाने पुसा आणि पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका.

मध्य प्रदेशातल्या बुधनीची लाखेची लाकडी खेळणी फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसा. स्पिरिटने लाख विरघळते आणि चमक कायमची जाते. डोळ्यांना लावून चित्रं बघायच्या व्ह्यूमास्टरच्या चकतीतली चौदा चित्रं, म्हणजे सात जोड्या, फुंकणीने झाडा. पुठ्ठ्याला पाणी लागलं की चकती वाकते आणि जोड्या डोळ्यांत जुळत नाहीत. कडक झालेल्या रबराला उपाय नाही.

मुलाच्या हाती देण्याआधी

जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांना शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, आणि खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधीचं पत्र्याचं, रंग उडालेलं खेळणं तोंडात वस्तू घालणाऱ्या वयाच्या मुलाला देऊ नका. कपाटात ठेवा आणि मोठ्यांनी चालवून दाखवा. सात-आठ वर्षांच्या मुलाला देताना पत्र्याच्या कडांवरून बोट फिरवून बघा आणि खेळून झाल्यावर हात धुवायला लावा.

डब्यात भरताना स्प्रिंग उतरवलेली असू द्या, चाबी सुतळीने चाकाला बांधा. सेल बाहेर काढून वेगळ्या पाकिटात ठेवा आणि झाकणाच्या आत चिठ्ठी लावा: किती सेल, कोणत्या मापाचे, तेल कधी घातलं. तेल पुढचं दोन वर्षांनी, तेही आवाज कोरडा झाला तरच.