सप्तक कसे ओळखावे आणि वापरावे
सप्तक म्हणजे सा ते नी या सात स्वरांचा गट. एखाद्या स्वराची कंपनसंख्या (दर सेकंदाला होणारी कंपने) दुप्पट झाली की तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. मध्य सप्तकातला षड्ज (सा) २४० हर्ट्‌झचा धरल्यास तार म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज ४८० वर आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज १२० वर येतो. तंतुवाद्यावर मोकळी तार छेडून मग ती बरोबर मध्यावर दाबून छेडल्यास हे पडताळता येते. पेटीवर षड्जापासून काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या मोजाव्यात. तेरावी पट्टी तार षड्जाची. दोन्ही षड्ज एकत्र वाजवल्यावर ते एकजीव झाले नाहीत आणि आवाजात लाटा उठल्या, तर पेटी बेसूर आहे असे समजावे. गाण्यासाठी केवळ तार षड्ज गाठता आला म्हणून उंच पट्टी (म्हणजे उंच षड्ज) धरण्याची घाई करू नये. मंद्र पंचमापासून (प) तार मध्यमापर्यंत (म) गळा सहज फिरतो का, हे आधी पाहावे.