उसाचं बिल येईपर्यंत मन थाऱ्यावर ठेवायचं तर

मी निपाणीत पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करते. सकाळी दुकानं, दुपारी विड्या वळणाऱ्या बायकांच्या गल्ल्या, संध्याकाळी अकोळच्या बाजूचे ऊसवाले. कोण किती मिळवतो यापेक्षा पैसा कधी हातात पडतो, यावर माणसाचं तोंड हसरं की पडलेलं ते ठरतं, असं मला तरी दिसतं. मिळकत वाढवायची युक्ती माझ्याकडे नाही. आहे त्यात जीव टांगणीला लागू नये म्हणून काय करावं, ते सांगते.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. पैसा येणार त्या तारखा एका रंगाने, जाणार त्या दुसऱ्या रंगाने. शाळेची फी जूनमध्ये, मागोमाग बेंदूर, मग गौरी-गणपती, दिवाळी. आणि ऊस तुटणार त्यानंतर कधीतरी. शिवाय रोज झोपताना, समाधानाच्या दहा पायऱ्यांच्या शिडीवर आपण आज कितव्या पायरीवर आहोत, तो आकडा त्या चौकटीत लिहा. देशादेशांतलं समाधान मोजणारेसुद्धा शिडीचाच प्रश्न विचारतात. दोन-तीन महिन्यांत तुमचे खालचे आकडे कुठल्या तारखांना चिकटलेत ते दिसेल.

त्या तारखांना मोठा निर्णय घेऊ नका. दागिना मोडणं, जमिनीचा इसार, मुलीची सोयरीक, सगळं पुढे ढकला. हे मी मनचं सांगत नाही. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना तोडणीआधी आणि तोडणीनंतर तीच कोडी घालून बघितली होती. २०१३ साली ते छापून आलं. पैशाची ओढाताण असताना त्याच माणसांची उत्तरं जास्त चुकली. डोकं तेच, पण अर्धं उधारीत अडकलेलं.

आता बिल आलं की काय करायचं? कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. पण घरचा हिशोब १४ दिवसांवर बांधू नका, निदान दोन महिने हातचे धरा. रक्कम आली की त्याच दिवशी तिचे वाटे करा. सोसायटीचं कर्ज बहुतेक वेळा बिलातूनच वळतं होतं. उरल्यातून आधी सावकार: शेकडा ३ महिन्याला म्हणजे वर्षाला ३६. त्यानंतर बँकवाला नव्हे, किराणावाला. व्याजाच्या हिशोबात हे बसत नाही, मला ठाऊक आहे. पण ज्याच्या दुकानापुढून मान खाली घालून जावं लागतं, त्याची उधारी मिटली की घरात भांडण कमी होतं. मग लागवड-खताचे बाजूला काढा आणि राहिले त्याला १२ने भागा. तो तुमचा पगार. महिन्याच्या १ तारखेला तेवढेच काढायचे, ‘एवढ्यात एक स्मार्ट टीव्ही बसतोय की’ असं कुणी म्हटलं तरी.

विडीवाल्या अक्का आठवड्याच्या मजुरीतून रोज दहा-वीस रुपये माझ्याकडे देतात आणि लाखाचं बिल घेणाऱ्या अण्णांपेक्षा शांत झोपतात, असं कित्येकदा वाटतं. म्हणून त्यांना पुरतं असं समजू नका. हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी तुटपुंजीच आहे आणि पोर आजारी पडलं की पिग्मी मोडावी लागते. अशा घरी थोडी वाढसुद्धा मोठी असते. कितीतरी देशांच्या पाहण्यांत दिसलंय की समाधान पटीत वाढतं: १०,०००वाल्याला १,००० वाढल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढा पडायला लाखवाल्याला १०,००० लागतात.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० येत असतील तर ते संसाराच्या रकमेत मिसळू नका. ते बाईच्याच हातात राहू देत आणि त्याचा हिशोब मागू नका. नवऱ्यांना हे रुचत नाही, पण विचारल्याशिवाय खर्चता येणारा पैसा थोडा असला तरी बाईचा आवाज बदलतो.

भावकीतल्या कुणाचा पोरगा पुण्याला, कुणाची गाडी दारात, ही मोजदाद थांबवा म्हटलं तर थांबत नाही. निदान लग्नाचा खर्च ठरवताना पाहुण्यांना बैठकीला बोलवू नका.

पिग्मीचं म्हणाल तर व्याज फारसं नसतं आणि मुदतीआधी मोडली तर कापतात. ती शिस्तीसाठी घालायची. रोज मशीनची चिठ्ठी मागून घ्या, महिन्याला एकदा शाखेत जाऊन स्वतः पासबुक भरा, एजंटाच्या हाती देऊ नका, मी असले तरी. आणि खातं बँकेत आहे की सौहार्द सोसायटीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, ते बघा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला नसतो. मी सोसायटीचीच एजंट आहे, तरी सांगते: जास्तीची रक्कम साठली की बँकेत हलवा.