कच्चं खाताय? आधी दुधी चाखून बघा

मंडईतून पिशवीभर काकडी, गाजर, टोमॅटो आणायचे, दिवसभर तेच चावायचं आणि चौथ्या दिवशी चक्कर आली की "हा कच्चा आहार मला मानवत नाही" म्हणून मोकळं व्हायचं. मीही हेच केलं. दोष आहाराचा नव्हता, मी चक्क उपाशी होते. अर्धा किलो काकडीत जेमतेम ७५ कॅलरी. एका केळ्यात त्याहून जास्त, आणि ५० ग्रॅम कच्च्या शेंगदाण्यांत पावणेतीनशेच्या आसपास. म्हणून पोट भरायला केळी, चिकू, खजूर, ओलं खोबरं, भिजवलेले दाणे, तीळ, जवस. कोशिंबीर तोंडी लावायला.

दुसरी गफलत 'कच्चं' कशाला म्हणायचं याची. साधारण ४५ अंशांच्या वर न तापवलेलं आणि प्राण्यांकडून न आलेलं, एवढाच नियम. या हिशोबात पोहे, साबुदाणा, गूळ, फुटाणे बाद. दही आणि मधही. खमंग काकडीतलं कूट भाजलेल्या दाण्यांचं असतं, वर फोडणी! मी कच्चे दाणे चार-पाच तास भिजवून वाटते, त्यात खोबरं, मिरची, लिंबू. खमंग नाही लागत, पण चांगलं लागतं.

मोडांचं जरा जपून. पुण्याच्या पावसाळ्यात मटकीची पुरचुंडी ओट्यावर विसरली की मोडांबरोबर जंतूही वाढतात, कारण ऊब आणि ओल दोघांनाही हवी असते. उसळ शिजते तेव्हा ते मरतात, इथे ती सोय नाही. मोड आले की धुऊन लगेच फ्रिजमध्ये ठेवा. चिकटपणा किंवा आंबूस वास आला तर फेकाच. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांनी कच्चे मोड खाऊ नयेत. राजमा तर मोड आणूनही कुणीच कच्चा खायचा नाही. त्यातलं विषारी द्रव्य नीट उकळल्यावरच जातं.

आता दुधी. सकाळी टेकडीवरून उतरल्यावर रसाचा ग्लास घेणारे पुष्कळ आहेत. एखादा दुधी कडू निघतो, आणि तो कडूपणा म्हणजे विषच. उलट्या, पोटात कळा, रक्तदाब घसरणं, कधी आतड्यातून रक्तस्राव. माणसं दगावलीही आहेत. कापल्यावर आधी एक फोड चाखायची, कडू लागली की थुंकून अख्खा दुधी टाकायचा. दुधी-कारल्याचा एकत्र रस मला म्हणूनच पटत नाही. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा कळणार कसा? रस प्यायल्यावर त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

पालकाची रोजची स्मूदी मुतखड्याची सवय असलेल्यांनी टाळावी.

राहिलं बी १२ जीवनसत्त्व. मोठ्या माणसाला रोज साधारण २.२ मायक्रोग्रॅम लागतं आणि भाजी-फळांतून ते मिळत नाही. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाचाही भरवसा नाही. हा आहार सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील ती गोळी घ्या. गोळी 'कच्ची' धरायची की नाही यावर वाद घालायला पुण्यात माणसं भरपूर मिळतील, पण तो गोळी घेतल्यावर.