फिल्टर कधी लावावा, किती लावावा: एका स्टुडिओवाल्याची पद्धत

चार वर्षांपूर्वी नवरीच्या आईनं माझ्या काउंटरवर अल्बम उघडला, तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, आमचा शालू कुंकवाच्या रंगाचा होता. हा राणी कलर कुणाचा?"

चूक माझीच होती. नवा प्रीसेट, म्हणजे एका टिचकीत सगळे रंग बदलणारा तयार फिल्टर, विकत घेतला होता, 'सिनेमॅटिक वेडिंग' का काहीतरी नाव होतं. एका क्लिकमध्ये आठशे फोटो उरकले, समोरचा चहा गार व्हायच्या आत. चेहरे छान तांबूस झाले, मागचा मंडप झक्क दिसायला लागला, आणि शालूकडे माझं लक्षच गेलं नाही. चाळीस पानं पदरच्या पैशानं परत छापून दिली.

तेव्हापासून कुणी विचारलं, की फिल्टर वापरणं म्हणजे आळशीपणा का हो, की मी उलट विचारतो: लावल्यावर नेमकं काय बदललं ते सांग. हिरवा पिवळटला, सावल्या उजळल्या, लाल जरा गुलाबीकडे गेला, असं सांगता आलं तर खुशाल लाव. 'भारी दिसतंय' एवढंच उत्तर आलं तर तो आळस. मी आठशे वेळा केला तो.

साताऱ्यात आमचा स्टुडिओ वडलांपासूनचा. ते काडीला कापूस गुंडाळून कृष्णधवल फोटोंवर हातानं रंग चढवायचे. गालांना गुलाबी, दागिन्यांना पिवळा, साडीला गिऱ्हाईक सांगेल तो. कुणी त्यांना 'खोटं करता' म्हणालं नाही, कारण साडीचा रंग ते विचारून भरायचे. डार्करूममध्ये मी त्यांच्या शेजारी उभा राहून शिकलो: पुठ्ठ्याला भोक पाडायचं, एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडणाऱ्या यंत्राखाली, ते हलवत ठेवायचं आणि आभाळाला चेहऱ्यापेक्षा दहा सेकंद जास्त प्रकाश द्यायचा. हात थांबला की कागदावर पुठ्ठ्याची कड उमटायची.

फिल्टर हा शब्दही मोबाइलचा नव्हे. ती काच असायची, लेन्सपुढे लावायची. १९२७ साली अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हाफ डोम डोंगराचा कडा टिपताना एका प्लेटसाठी (फिल्मऐवजी असायची ती) लेन्सला पिवळी काच लावली, आणि मग उरलेल्या शेवटच्या प्लेटला गडद लाल. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून कृष्णधवल फोटोत निळं आभाळ काळंभोर उतरलं. तसं आभाळ त्या दिवशी तिथं कुणालाच दिसलं नव्हतं. पण आपल्याला ते तसं हवंय हे त्याला शटर दाबायच्या आधी ठाऊक होतं. पुढं रोलचंही तेच. फुजीचा वेल्व्हिया १९९० मध्ये आला, हिरवा-निळा भडक देणारा. चेहऱ्यांना तो घालायचा नाही हे आम्ही एक रोल वाया घालवून शिकलो. दुकानात रोल निवडलात की फिल्टर निवडलात, फक्त परत फिरायची सोय नव्हती.

आणि 'नो फिल्टर' लिहून मिरवणाऱ्यांसाठी: तुमचा फोन एका टिचकीत अनेक फ्रेम घेऊन एक करतो, सावल्या उजळतो, कडा धारदार करतो, काही फोन न विचारता गालही गुळगुळीत करतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे कॅमेऱ्यातलं ब्यूटी सेटिंग शून्यावर आणा. दुसरं, स्क्रीनचा रात्रीचा पिवळा मोड बंद करा. तो चालू ठेवून रंग बघणं म्हणजे गॉगल लावून साडी खरेदी करणं.

आता एक फोटो सुरुवातीपासून करून दाखवतो.

पुतण्या सप्टेंबरात कासला गेला होता. सकाळी नऊची वेळ, पठारावर धुकं, पुढं पिवळी सोनकी, मध्ये तेरड्याचा गुलाबी पट्टा, कडेला गेंदाची पांढरी बोंडं, मधूनच जांभ्याचा काळपट कातळ. फोटो चांगला होता. त्यानं त्याला एक चटकदार फिल्टर शंभर टक्के लावून मला पाठवला. धुकं मळक्या ढगासारखं झालेलं, तेरडा जांभळट निऑनचा, सोनकीच्या सगळ्या पाकळ्या मिळून एकच पिवळा डाग आणि गवत हॉटेलच्या बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या हिरवळीसारखं. मी म्हटलं, मूळ फोटो घेऊन दुकानात ये.

आधी क्षितिज सरळ केलं आणि डाव्या कोपऱ्यातली कुणाची तरी छत्री कापली. मग हायलाइट्सची, म्हणजे उजळ भागांची, पट्टी हळूहळू खाली आणली, सोनकीच्या पाकळ्यांमधल्या रेघा दिसेपर्यंत. इथं एक लक्षात ठेवा: पिवळा आणि लाल रंग सगळ्यात आधी फुटतात, म्हणजे बारकावे जाऊन सपाट डाग होतात. काढतानाच फुटले असतील तर कुठलीही पट्टी त्या रेघा परत आणत नाही. म्हणून अशा फुलांचा फोटो काढतानाच स्क्रीनवर फुलाला बोट लावून उजेड थोडा कमी करायचा.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून निळ्या-पिवळ्याचा तोल. 'हे पांढरं' असं अ‍ॅपला दाखवणारा ड्रॉपर गेंदाच्या पांढऱ्या बोंडावर टेकवला. फोटो एकदम उबदार झाला आणि धुक्यातला गारवा गेला. म्हणून पट्टी अर्धी मागं घेतली. धुक्यातली सकाळ निळसर असते, ती निळसर दिसली पाहिजे. 'डीहेझ' नावाची पट्टी पुतण्याला फार आवडते. ती धुकं खाते. धुक्यासाठी पहाटे उठून घाट चढायचा आणि घरी येऊन ते पुसायचं, हे मला कळत नाही.

एवढं झाल्यावरच फिल्टर उघडला. आम्ही एक फिका, जुन्या रोलसारखा निवडला. फिल्टर म्हणजे काही जादू नाही, ठरलेल्या आकड्यांचा संच असतो. हा काळा रंग थोडा उचलून राखाडीकडे नेतो, हिरव्यातला तजेला कमी करून त्याला ऑलिव्हकडे ढकलतो, उजळ भागात जरासा पिवळा घालतो. तुमच्या फोटोत तेरडा आहे की शालू, त्याला ठाऊक नसतं. तो कुणीतरी दुसऱ्याच फोटोवर बसून बनवलेला असतो, त्यामुळे शंभर टक्क्यांवर तुमच्या फोटोला बरोबर बसला तर तो योगायोग.

किती लावायचा, त्याची माझी रीत अशी. पट्टी शून्यावर न्या. फोटोकडे बघत हळूहळू वाढवा. 'लागला' असं ज्या क्षणी वाटेल तिथं थांबा आणि तिथून थोडं मागं या. पुतण्याच्या फोटोला तीस निघाले. इन्स्टाग्रामवर निवडलेल्या फिल्टरवर परत टिचकी मारली की अशी पट्टी येते, लाइटरूम या फोटो एडिट करायच्या अ‍ॅपमध्ये प्रीसेटला 'अमाउंट' असते. बहुतेकांनी ती कधी उघडलेलीच नसते.

फिल्टरनंतर दुरुस्ती. त्यानं काय बिघडवलं ते शोधायचं. गवत जास्तच ऑलिव्ह झालं होतं. सप्टेंबरात कासचं गवत ओलं, कोवळं असतं, डिसेंबरातल्यासारखं वाळकं नसतं. हिरव्याची पट्टी थोडी परत दिली, पिवळ्याची एक बोट कमी केली. मग फोन उलटा ठेवून आम्ही दोघं मोती चौकात चहा घेऊन आलो. डोळा काही मिनिटांत स्क्रीनला सरावतो आणि भडकही साधं वाटायला लागतं, म्हणून ही सुट्टी घ्यायचीच. परत आल्यावर बोट दाबून आधीचा-नंतरचा ताडून बघितला, आणि फिल्टर आणखी पाचनं उतरवला.

लग्नाच्या कामात मात्र एवढा वेळ मिळत नाही हे मला मान्य आहे. तिथं प्रीसेट लागतोच, फक्त तो एका लग्नासाठी एक न ठेवता एका उजेडासाठी एक ठेवायचा. मंडपाचं कापड पिवळं-गुलाबी असेल तर सगळ्या वऱ्हाडाच्या तोंडावर तोच रंग सांडतो. मोकळ्या अंगणातला उजेड वेगळा, संध्याकाळच्या स्टेजवरचे एलईडी वेगळे. प्रत्येक ठिकाणचा एक फोटो वर सांगितल्यासारखा हातानं करा, त्याच्या सेटिंग्ज सेव्ह करा आणि त्याच जागेच्या बाकी फोटोंना द्या. हा तुमचा स्वतःचा फिल्टर झाला. व्हाइट बॅलन्ससाठी मंडपात सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे एखाद्या आजोबांची पांढरी टोपी, पण नीळ घातलेली नको. नीळ दिलेलं कापड निळसर असतं, ड्रॉपर फसतो आणि सगळं वऱ्हाड पिवळं पडतं. हळदीला तर हे हमखास होतं: आधीच सगळं पिवळं, त्यात उबदार प्रीसेट, की हळद शेंदरी होऊन बसते.

शालू, पैठणी, शेला यांचे रंग मी आता डायरीत लिहून आणतो. धूपछाँव पैठणी असेल तर दोन्ही रंग. वडील विचारायचे तसंच.

चेहऱ्यांबद्दल थोडक्यात. लग्नाच्या दिवशी उगवलेली पुटकुळी मी काढतो, तीळ काढत नाही. त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर पंचवीसच्या वर गेला की छिद्रं पुसली जातात आणि माणूस मेणाचा दिसतो. नाकाच्या शेंड्यावर झूम करून बघा, तिथं आधी कळतं. स्थळासाठी फोटो काढायला आलेले लोक हळूच म्हणतात, "जरा गोरी करा हो." मी उजेड नीट देतो, खिडकीकडे तोंड करून बसवतो, पण रंग हलवत नाही. कांदेपोह्यांच्या ताटापुढं मुलगी स्वतः बसणार असते, तिथं पट्टी सरकवायला मी नसतो.

पासपोर्टचा फोटो, पीक विम्यासाठी काढलेला नुकसानीचा फोटो, विकायला ठेवलेली साडी किंवा गाडी, बातमीतला फोटो: इथं फिल्टर शून्य. उजेड बरोबर करा, बस. साडी विकणाऱ्या एका ताईंना मी एवढंच सांगितलं की साडी दारात नेऊन फोटोशेजारी धरा, रंग जुळेपर्यंत फक्त व्हाइट बॅलन्स हलवा. परत येणारी पार्सलं कमी झाली म्हणतात.

शेवटी प्रिंट. चांगला वाटलेला फोटो एकदा चार बाय सहाचा छापून घ्या, दुपारी दारापाशी उजेडात धरा. स्क्रीनच्या मागून दिवा असतो, कागदाच्या मागून नसतो, त्यामुळे फिल्टरनं केलेला सगळा नखरा कागदावर उघडा पडतो. सावल्या चिखलासारख्या दिसल्या तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजेड, थोडं वाढवून परत छापा. पुतण्याचा कासचा फोटो दुसऱ्या प्रिंटला जमला. पहिल्यात जांभ्याचा कातळ डांबरासारखा आला होता.